कुंडाखाली ज्वालामुखी नाही

सफाळ्याहून पूर्वेला वरई फाट्याकडे गेलं की महामार्गाच्या पट्ट्यात सातिवली, हालोली, कोकनेर इथे गरम पाण्याचे झरे आहेत. तरीही आपल्याकडची बहुतेक मंडळी शिरसाड फाट्यावरून वळून वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच गाठतात. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसईविजयानंतर नवस फेडायला बांधलं, म्हणून देवदर्शन आणि आंघोळ अशी जोडयात्रा होते. जरूर करावी. मात्र कुंडाच्या काठावर ऐकू येणाऱ्या काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

सर्वांत पक्का समज म्हणजे खाली ज्वालामुखी धगधगतोय. इथला काळा कातळ लाव्हाचाच आहे, पण तो ओतला गेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. त्याची धग केव्हाच निवाली. झऱ्याचं पाणी मुळात पावसाचं. ते खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढतं, त्यामुळे दोन किलोमीटर खोल गेलेलं पाणी चांगलंच तापतं आणि मोठी भेग मिळाली की चटकन वर येतं. कोकनेरपासून राजापूरपर्यंत असे झरे जवळजवळ एका रेषेत आहेत, कारण तिथला खडक त्याच दिशेने तडकलेला आहे.

बुडबुडे दिसले की लोक म्हणतात, पाणी उकळतंय. कोकणातल्या या झऱ्यांचं सर्वांत गरम पाणीसुद्धा ७० अंशांच्या आसपास असतं. बुडबुडे वायूचे असतात, आणि त्यात मुख्यतः नायट्रोजन असतो. गंधकामुळे पाणी तापतं, हाही समज खोटा. उष्णता खोलीची आहे.

आता औषधाचं. गरम पाण्यात आखडलेले सांधे मोकळे होतात, दुखणं काही काळ हलकं वाटतं. हा अनुभव खराच आहे. त्यापुढे जाऊन खरूज, गजकर्ण, कोड 'धुऊन निघतं' म्हणून डॉक्टर सोडणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते. एकाच कुंडात शेकडो माणसं उतरतात. तिथे संसर्ग बरा होण्याऐवजी पसरू शकतो. जखम उघडी असेल तर उतरू नका. डोकं बुडवून नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात मेंदूला घातक ठरणारा अमीबा असू शकतो, आणि तो नाकावाटेच शिरतो. हे पाणी तीर्थ म्हणून पिऊही नये, त्यात क्षार बरेच असतात.

जास्त वेळ बसलं की जास्त गुण, हेही खरं नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, उठताना भोवळ येते. आधी पायाने अंदाज घ्या, दहा मिनिटांत बाहेर या, पाणी प्या. गरोदर बायका, हृदयरोगी आणि लहान मुलांनी कडक कुंडात उतरूच नये. साबण-शाम्पू पिशवीतच राहू द्या.