हाताचा ठसा म्हणजे निरोप नव्हे

गंभीर आजारी मुलाच्या हाताचा ठसा घेऊ या, त्याच्या आवाजात एखादी गोष्ट रेकॉर्ड करू या, असं वॉर्डात कुणी सुचवलं की आईवडिलांच्या काळजात धस्स होतं. ‘म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?’ हा गैरसमज सर्वांत घट्ट.

वस्तुस्थिती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांची उपशामक काळजी, म्हणजे त्रास हलका करणारी काळजी, निदानापासूनच सुरू व्हावी आणि मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत, ती मिळत राहावी. आठवणी जपणं हा तिचाच भाग. अमेरिकेत ‘बीड्स ऑफ करेज’ हा उपक्रम २००४ साली फिनिक्सच्या बालरुग्णालयात सुरू झाला. त्यात सुई टोचली की काळा मणी, केमोथेरपीला पांढरा, रेडिएशनला अंधारात चमकणारा. मुलानं काय काय सोसलं ते त्या माळेत दिसतं, आणि बरी होणारी मुलंही ती ओवतात.

‘मूल लहान आहे, त्याला काय कळतंय?’ कळतं! मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये राहून १९७८ साली पुस्तक लिहिलं. कुणी न सांगताही मुलांना आपल्या मरणाची जाणीव होती. मोठ्यांना त्रास होऊ नये म्हणून ती गप्प होती. कर्करोगानं मूल गमावलेल्या स्वीडिश पालकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता. म्हणून बळेच विषय काढावा असं नाही. मुलानं काढला तर तो टाळू नये. चित्र काढताना, ठशासाठी हात रंगवताना अशी गोष्ट कधीकधी आपसूक निघते.

वस्तू सुबक हवी, महागडा संच हवा, हेही खरं नाही. दातांचे डॉक्टर साच्यासाठी वापरतात ती अल्जिनेट पावडर आणि प्लास्टर पुरतं. नाहीतर रंग आणि कागद. रंग कोणता, कुणासाठी, हे मात्र मुलानं ठरवायचं. त्याला नको असेल तर तिथंच थांबायचं. आपल्या हौसेसाठी थकलेल्या मुलाला उठवून बसवणं मला पटत नाही.

भावंडांना यातून दूर ठेवतात, तेही चुकतं. दोघांचे हात एकाच कागदावर उमटू द्या. आजीला सांगितलेली गोष्ट फोनमध्ये रेकॉर्ड केलीत, तर तिची प्रत आणखी एका ठिकाणी आजच ठेवा. फोन हरवतात, बिघडतात.