सुपीरिअर सरोवराच्या काठावरील उत्तर-शरद ऋतूतील पक्षिनोंदी : एक विवेचन

प्रस्तावना

एखाद्या ठिकाणी कोणता पक्षी किती संख्येने दिसला, ही नोंद वरवर पाहता साधी वाटते. परंतु तिच्यावरून पक्ष्यांच्या एकूण संख्येविषयी निष्कर्ष काढताना अनेक अडचणी उद्भवतात. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील डुलुथ परिसराच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सुपीरिअर हे क्षेत्रफळाने जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौ. कि.मी. असून कमाल खोली सुमारे ४०६ मीटर आहे. डुलुथ शहर त्याच्या पश्चिम टोकाशी वसले आहे. शिकारी पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या प्रवाहांचा आधार घेऊन तरंगत जातात. थंड पाण्यावर असे प्रवाह निर्माण होत नाहीत. त्यामुळे कॅनडातील अरण्यांतून दक्षिणेकडे येणारे हे पक्षी सरोवर ओलांडण्याचे टाळून उत्तर काठाने नैर्ऋत्येकडे वळतात आणि डुलुथच्या टेकडीवर त्यांची दाटी होते. या ‘हॉक रिज’ टेकडीवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारी पक्ष्यांची सर्रास हत्या होत असे. स्थानिक पक्षिप्रेमींनी तिला विरोध केला. १९७२पासून तेथे पक्ष्यांची पद्धतशीर गणना होत आहे.

ऋतुक्रम

सप्टेंबरमध्ये ब्रॉड-विंग्ड हॉक हे पक्षी प्रचंड संख्येने जातात. १५ सप्टेंबर २००३ रोजी एकाच दिवसात त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत मात्र चित्र पालटते. संख्या घटते, पण गॉसहॉक, रफ-लेग्ड हॉक, सोनेरी गरुड आणि बाल्ड ईगल हे उत्तरेकडील मोठे पक्षी दिसू लागतात. सरोवराचे पाणी उन्हाळ्यातील उष्णता सावकाश सोडते, म्हणून आसपासची लहान तळी गोठल्यानंतरही ते बराच काळ खुले राहते. लून, लांब शेपटीची बदके व कुरव पक्षी तेथे रेंगाळतात, तर वाळूच्या किनाऱ्यावर स्नो बंटिंगचे थवे उतरतात.

अनियमित लाटा आणि त्यांची कारणे

काही पक्ष्यांचे आगमन दरवर्षी सारखे नसते. गॉसहॉकचे भक्ष्य असलेल्या ससे व रानकोंबड्यांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने वाढते व घसरते. भक्ष्य घटले की हे पक्षी मोठ्या संख्येने दक्षिणेकडे येतात. १९८२ साली हॉक रिजवर ५,८१९ गॉसहॉकची नोंद झाली. त्याचप्रमाणे २००४च्या अखेरीस सुरू झालेल्या हंगामात मिनेसोटात पाच हजारांहून अधिक ग्रेट ग्रे घुबडे नोंदली गेली. उत्तरेकडील अरण्यात उंदीरवर्गीय प्राण्यांचा तुटवडा, हे त्याचे कारण मानले जाते.

नोंदींचा अन्वयार्थ

येथेच मूळ प्रश्न उपस्थित होतो. १९८२ साली गॉसहॉक अधिक दिसले याचा अर्थ ते भरभराटीत होते असा नव्हे. उलट ते उपासमारीमुळे स्थलांतरित झाले होते. त्यानंतरच्या दशकांत एवढी मोठी लाट पुन्हा आली नाही. ही पक्ष्यांच्या संख्येतील खरीखुरी घट आहे की ते आता उत्तरेतच थांबतात, याचा निर्णय केवळ एका ठिकाणच्या आकड्यांवरून करता येत नाही. शिवाय वायव्येकडून वारे वाहू लागले की टेकडीवरील संख्या वाढते आणि निरीक्षणाचे तास वाढले तरीही ती वाढते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तास व हवामान लिहिणे आवश्यक ठरते.

उशिरा दिसलेल्या पक्ष्याबाबतही हीच सावधगिरी हवी. १९७९ ते २००६ या काळात सरोवराच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान सुमारे २.५ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आढळले आहे. तथापि डिसेंबरमध्ये दिसलेला एखादा लून हा हवामानबदलाचा पुरावा ठरत नाही. तो जखमी किंवा अननुभवी असू शकतो. अनेक वर्षांची सरासरी सरकली, तरच तो बदल अर्थपूर्ण मानता येतो.

निष्कर्ष

दीर्घकालीन व समान पद्धतीने केलेल्या नोंदींचे मोल बहिरी ससाण्याच्या उदाहरणातून स्पष्ट होते. अमेरिकेत १९७२ साली डीडीटीवर बंदी आली व १९९९ साली हा पक्षी संकटग्रस्त यादीतून वगळण्यात आला. ही पुनर्स्थापना ताडून पाहण्यास अनेक ठिकाणच्या अखंड गणना उपयोगी पडल्या. सारांश, एक नोंद कुतूहल जागवते, तर नोंदींची शिस्तबद्ध मालिका ज्ञान देते. महाविद्यालयीन निरीक्षण प्रकल्पांनी दुर्मिळ पक्ष्याच्या शोधापेक्षा या सातत्याला प्राधान्य देणे अधिक श्रेयस्कर ठरेल.