काचेवरचा अर्धा पुरावा

जबड्याचे हाड जरा फुगलेले दिसले की आपल्या घरांत दोनच तऱ्हा होतात. एक तर "दाढ येत असेल, लवंगेचे तेल लाव," असे म्हणण्यात सहा महिने निघून जातात. नाही तर त्याच रात्री 'कॅन्सर' हा शब्द कुजबुजत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येतो. या दोन टोकांच्या मध्ये केवढा तरी प्रदेश पसरलेला आहे, आणि त्याची आपल्याला जवळजवळ काहीच माहिती नसते. जबड्याच्या हाडातल्या कित्येक गाठी कॅन्सरच्या नसतात. त्या शरीरात इतरत्र पसरत नाहीत, सहसा जिवावरही उठत नाहीत. परंतु 'साधी गाठ आहे' एवढे कळून भागत नाही. या साध्या गाठींपैकी एक काढावी लागते, दुसरी वाट पाहिली तर बहुधा आपण होऊन मंदावते, आणि तिसरीला उगाच हात लावला तर तीच बिघडते. मग ओळखायची कशी?

"तुकडा तपासायला पाठवा," असे डॉक्टर म्हणतात. त्या तुकड्याचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. तो आधी फॉर्मॅलिनमध्ये पडतो. हाड टणक, पाते चालेना. म्हणून त्याला आम्लात मऊ करतात. मग तो मेणाच्या ठोकळ्यात बसतो आणि त्याचे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ काप निघतात. काचपट्टीवर त्यांना दोन रंग देतात: एक गुलाबी, दुसरा जांभळट निळा. हा दुसरा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून काढलेला असतो. विज्ञान कितीही पुढे गेले तरी रंगाऱ्याची विद्या सुटलेली नाही, हे मला मोठे गमतीचे वाटते.

एवढे सोपस्कार झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसते काय? तंतूंचे जाळे आणि त्यात विखुरलेले कच्च्या हाडाचे कण. पंचाईत अशी की, फायब्रस डिस्प्लेझिया, ऑसिफाइंग फायब्रोमा आणि सिमेंटो-ऑशियस डिस्प्लेझिया या तिन्ही विकारांत पुष्कळदा असेच चित्र दिसते. चिठ्ठीवर नुसता 'कर' हा शब्द लिहून कुणी अर्थ विचारला तर आम्ही भाषेची माणसे काय सांगणार? हात, सरकारी कर, की करण्याची आज्ञा? वाक्य पुढे आल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. काचपट्टीचेही तसेच आहे. तिचे वाक्य क्ष-किरण चित्रात, रुग्णाच्या वयात आणि घरच्यांनी सांगितलेल्या हकीकतीत असते.

पहिल्या विकारात हाड घासलेल्या काचेसारखे धूसर दिसते आणि कडेच्या निरोगी हाडात केव्हा मिसळून गेले ते कळत नाही. दुसऱ्यात गाठीची कड रेखीव असते. पहिल्यात मुलाची वाढ पुरी होईपर्यंत बहुधा थांबतात, कारण वाढीबरोबर हा विकारही सहसा मंदावतो. मग चेहरा बेढब वाटल्यास हाड तासून घेतात. दुसऱ्यात मात्र गाठ काढावी लागते. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत या दोन नावांची अदलाबदल झाली, तर एकीकडे नको असताना जबडा कापला जातो आणि दुसरीकडे वाढणारी गाठ वाढतच राहते.

तिसरा विकार विशेषेकरून मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो. खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी चित्रात काळा डाग दिसतो आणि तो थेट किडलेल्या मुळासारखा वाटतो. वस्तुतः दात जिवंत असतो. थंडगार स्पर्शाने किंवा विजेच्या हलक्या चाचणीने ते ताडता येते. ती चाचणी केली नाही तर धडधाकट दाताचे रूट कॅनल होते. शिवाय या हाडाला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे तुकडा काढायला गेले तर जंतुसंसर्गाचे भय. म्हणजे इथे तुकडा न काढणे हेच शहाणपण!

आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. जबड्यातल्या काही गाठींत पुष्कळ केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी दिसतात. १९५३ मध्ये हेन्री जॅफी या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा गाठींचा जबड्यापुरता एक वेगळा वर्ग पाडला. परंतु गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी बेफाम झाल्या आणि हाडातले कॅल्शियम रक्तात उतरू लागले, तरीही जबड्यात हुबेहूब तशीच गाठ होते. काचपट्टी फरक सांगू शकत नाही. रक्ताची साधी तपासणी सांगते. मूळ दुखणे गळ्यात असेल तर तिथला उपचार झाल्यावर जबड्यातली गाठ पुष्कळदा आपोआप भरून येते.

या गाठी विरळा. एखाद्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात मोजक्याच पाहायला मिळणार. मग अनुभव जमायचा कुठे? पोथ्या एकमेकींशी ताडून पाहिल्याशिवाय खरा पाठ हाती लागत नाही, हे ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करणाऱ्या एकनाथांच्या वारसांना सांगायला नकोच. वैद्यकातही तेच झाले. १९६६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोपनहेगनच्या दंतमहाविद्यालयात एक केंद्र स्थापन केले. पिंडबोर्ग हे त्याचे प्रमुख. देशोदेशींच्या तज्ज्ञांकडे काचपट्ट्या फिरवून मते जमवली गेली आणि १९७१ मध्ये जबड्याच्या गाठींचे पहिले आंतरराष्ट्रीय वर्गीकरण छापून आले. ते पुढे अनेकदा सुधारले गेले. अलीकडची आवृत्ती २०२२ ची. याच पिंडबोर्गांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळींबरोबर आपल्याकडच्या पन्नास हजारांहून अधिक खेडुतांची तोंडे तपासण्याच्या कामात भाग घेतला होता. वॉशिंग्टनलाही लष्कराची अशीच एक संस्था होती. १८६२ च्या यादवी युद्धातल्या संग्रहालयातून ती वाढली आणि जगभरच्या अवघड काचपट्ट्यांवर मत देत राहिली. २०११ मध्ये ती बंद झाली.

आता जनुकांचीही साक्ष काढता येते. फायब्रस डिस्प्लेझियात जीएनएएस नावाच्या जनुकात बदल सापडतो; ऑसिफाइंग फायब्रोमात तो सहसा सापडत नाही. हा बदल गर्भावस्थेत, पेशी वाढत असताना घडतो, आईबापांकडून येत नाही. तेव्हा "आमच्याकडे नव्हते हो असले काही," हा सासर-माहेरचा वाद इथे पूर्णपणे गैरलागू आहे. मात्र हाड मऊ करताना तीव्र आम्ल वापरले, तर ही साक्षच नष्ट होऊ शकते. म्हणून असली तपासणी व्हायची असेल तर प्रयोगशाळेला आधीच सांगावे लागते.

क्वचित हाडाचा खरा कॅन्सरही या साध्या गाठींचे सोंग घेऊन येतो. म्हणूनच शंका असेल तेव्हा दुसरे मत मागावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर स्वतःच सुचवतो. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरून आलेल्या काचपट्ट्या आणि ठोकळे पुन्हा तपासले जातात.

माझी तक्रार आहे ती तुकड्याबरोबर जाणाऱ्या कागदाविषयी. पुष्कळदा त्यावर 'जबड्यातील गाठ' एवढे दोनच शब्द असतात. वय काय, सूज केव्हापासून, दुखते की नाही, हाडाच्या इतर भागांत काही आहे का, रक्तातले कॅल्शियम किती, यांपैकी काही नाही. आणि क्ष-किरण चित्र घरी कपाटात! दुसऱ्या मतासाठी जाताना नुसता अहवाल नेऊन उपयोग नाही. काचपट्टी, मेणाचा ठोकळा आणि पहिल्यापासूनची सगळी चित्रे तारखेवार लावून न्यावीत. जुने चित्र टाकून देऊ नये. गाठ वाढते की थांबली, हे दोन चित्रांतल्या अंतरावरूनच कळते. आणि ठोकळा काही दिवस घरी राहणार असेल, तर तो उन्हाच्या खिडकीत किंवा शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नये. मेणच ते.