जॉर्ज स्ट्रीटवरचं घर

शाळेच्या पुस्तकात डाल्टन, थॉमसन, रदरफर्ड आणि बोर एका ओळीत उभे असतात, स्नेहसंमेलनाच्या फोटोत उभे राहावेत तसे. प्रत्येकाच्या नावाखाली एकेक आकृती, परीक्षेला हमखास येणारी. त्या ओळीत गाव मात्र कुठे दिसत नाही. खरं तर अणूची निम्मी गोष्ट मँचेस्टरची आहे, आणि तिच्यातले दोन मोठे प्रसंग जॉर्ज स्ट्रीटवरच्या एकाच घरात घडले. ते घर होतं तिथल्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीचं.

डाल्टन त्याच घरात प्रयोग करायचा आणि शिकवण्या घेऊन पोट भरायचा. त्याचा मूळ नाद हवामानाचा. हवेतले वायू थरांत वेगळे न होता मिसळून कसे राहतात, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. त्यातूनच तो अणूंकडे वळला. ऑक्टोबर १८०३ मध्ये त्यानं सोसायटीत एक निबंध वाचला. १८०५ साली तो छापून आला तेव्हा शेवटी अणूंच्या सापेक्ष वजनांचा छोटा तक्ता होता. आकडे बरेचसे चुकलेले. पाण्यात एक हायड्रोजन आणि एकच ऑक्सिजन, असा त्याचा हिशेब होता. पण अणूला वजन असतं आणि ते काढता येतं, ही गोष्ट नवी होती. परमाणूची कल्पना आपल्याकडे कणादापासून आहे हे खरं. तराजू मात्र तिच्या जवळ कधी आला नाही.

मग जवळजवळ शंभर वर्षं डाल्टनचा अणू गोटीसारखा टणक राहिला. १८९७ मध्ये केंब्रिजला थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला आणि गोटीचा लाडू झाला: धन प्रभाराच्या बेसनात इलेक्ट्रॉनचे बेदाणे.

रदरफर्ड १९०७ मध्ये मँचेस्टरला आला. १९०९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन अल्फा कण मोजत होते. मोजायचं म्हणजे डोळ्यांनी. आधी अंधारात बसून डोळे सरावू द्यायचे, मग झिंक सल्फाइडच्या पडद्याला सूक्ष्मदर्शक लावून एकेक क्षीण ठिणगी टिपायची. थोड्याच वेळात डोळे दुखू लागत. रदरफर्डला या कामाचा धीर नव्हता, ते त्यानं गायगरवर सोपवलं होतं. प्लॅटिनमच्या पत्र्यावर आदळलेल्या सुमारे आठ हजार कणांतला एक उलटा फिरत होता. पुस्तकात सोन्याच्या वर्खाचंच कौतुक असतं, पण हा आकडा प्लॅटिनमचा. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं जाणारा कण बेसनाच्या लाडवावरून परत कसा येईल?

उत्तर जुळवायला रदरफर्डला दीड-एक वर्ष लागलं. ७ मार्च १९११ रोजी ते त्यानं पहिल्यांदा मांडलं, आणि तेही जॉर्ज स्ट्रीटवरच. त्या संध्याकाळी त्याच्या आधी एका फळांच्या व्यापाऱ्यानं केळ्यांच्या मालात निघालेला दुर्मिळ साप सभेला दाखवला. मग रदरफर्डनं सांगितलं, की अणू जवळपास पोकळ आहे, आणि त्याचं बहुतेक वस्तुमान मधल्या एका अतिसूक्ष्म प्रभारित बिंदूत आहे. पुढे छापलेल्या लेखात ‘न्यूक्लियस’ हा शब्द नाही. मधला प्रभार धन की ऋण, हेही त्यानं पक्कं केलं नव्हतं.

जगानं याची फारशी दखल घेतली नाही, आणि मला त्यात जगाची मोठी चूक दिसत नाही. कारण फिरणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून आत कोसळायला हवेत. ते का कोसळत नाहीत, हे रदरफर्डकडे नव्हतं. १९१२ मध्ये बोर काही महिने मँचेस्टरला राहून गेला आणि पुढल्या वर्षी त्यानं ठरावीक कक्षांचा तोडगा काढला. त्याच वर्षी मोझलेनं क्ष-किरणांवरून मूलद्रव्यांचे अणुक्रमांक पक्के करायला सुरुवात केली. दोन वर्षांनी तो गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून मेला, वय सत्तावीस.

मार्चच्या त्या सभेत चॅडविक नावाचा एक विद्यार्थी बसला होता. पुढे तो गायगरकडे बर्लिनला शिकायला गेला आणि युद्ध सुरू होताच तिथे अडकला. शहराबाहेरच्या रुहलेबेनच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात त्यानं कैदेची वर्षं काढली. १९३२ मध्ये केंब्रिजला न्यूट्रॉन सापडला तो यालाच.

आठ वर्षांनी, डिसेंबर १९४० मध्ये, जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात जॉर्ज स्ट्रीटवरचं घर जळालं. डाल्टनची बहुतेक टिपणं त्यात गेली. ढिगाऱ्यातून निघालेले कडा करपलेले कागद आता त्याच शहरातल्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात आहेत.