बाटली परत आली पाहिजे

पहाटे 5.30. मे महिन्यात अकोल्यात काही उडवायचं असेल तर ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. दहानंतर मैदानावर पाय ठरत नाही. उन्हाळी शिबिरातली सातवी-आठवीतली पोरं माझ्या आधीच गेटवर हजर असतात, डोक्याला दुपट्टे बांधून. शाळेसाठी हीच पोरं आईच्या चार हाकांनंतर उठतात.

आमचं रॉकेट पाण्याचं आहे. शीतपेयाची दोन लिटरची बाटली उलटी धरायची, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी. बुचातून सायकलचा व्हॉल्व्ह, त्यातून पंपाने हवा. दाब साठला की खटका ओढायचा. पाणी खाली, बाटली वर. दारू नाही, जाळ नाही, त्यामुळे मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली. वर दुसऱ्या बाटलीचं कापलेलं टोक, त्याच्या पोटात कचऱ्याच्या पिशवीची छत्री. अट एकच: गेलेली बाटली परत उडवता आली पाहिजे. पुढच्या रविवारी अमरावतीच्या मुलांसमोर हीच बाटली उडवायची आहे, नवी नाही.

6 वाजता तपासणी सुरू होते, आणि खरं काम हेच. बाटली उजेडासमोर धरून गोल फिरवायची. प्लास्टिकला घडी पडली की तिथे पांढुरकी रेघ उमटते. फुटायची तर बाटली तिथूनच फुटते. गळ्याचे आटे बोटाने चाचपायचे. शेपटीच्या पंखांचा डिंक नखाने उचकून पाहायचा. मग दाबाची परीक्षा, तीही हवेने नाही. बाटली काठोकाठ पाण्याने भरायची आणि पंपाने 80 पौंडांपर्यंत न्यायची, उडवताना 60 च लागतात तरी. पाणी दबत नाही, म्हणून त्यात ताकद साठत नाही. बाटली फुटलीच तर पायावर पाणी सांडतं. हवेने भरलेली फुटली तर तुकडे उडतात. मोठ्या रॉकेटच्या मोटरची कवचंही अशीच आतून पाण्याचा दाब देऊन पारखतात, हे सांगितल्यावर पंपावरच्या पोराचा हात जरा ऐटीत चालायला लागला.

यानंतर दोरी. रिकाम्या रॉकेटचा तोल जिथे सापडतो तिथे दोरी बांधून डोक्यावर गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. शेपूट पुढे आली तर नाकात चिकणमाती वाढवायची. वजन पुढे आणि वाऱ्याचा जोर मागे, एवढं जमलं की रॉकेट सरळ जातं.

उड्डाणाची वेळ 7.10, आणि ती पोरांनीच ठरवली. 2 एप्रिल 2023 ला कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेच्या धावपट्टीवरून हवाई दलाचं चिनूक हेलिकॉप्टर सकाळी 7.10 ला इस्रोचं पंखवालं यान खाली लटकवून उडालं. साडेचार किलोमीटर उंचीवर यान सोडलं आणि 7.40 ला ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. त्याआधी मे 2016 मध्ये श्रीहरिकोट्याहून उडालेलं असंच यान सुमारे 65 किलोमीटरपर्यंत चढून बंगालच्या उपसागरात गेलं होतं. ते परत मिळवायचं ठरलंच नव्हतं. मला मोलाचं वाटतं ते 2024 चं. मार्चमध्ये ‘पुष्पक’ म्हणून जे यान उतरलं त्याचं अंग आणि उपकरणं 2023 च्याच चाचणीतली होती, आणि जूनमध्ये पुन्हा तेच अंग. त्या वेळी ते धावपट्टीच्या रेषेपासून 500 मीटर बाजूला सोडलं होतं. तरी ते वळून रेषेवर आलं, ताशी 320 किलोमीटरहून जास्त वेगाने टेकलं आणि मागची छत्री उघडून वेग 100 वर आणला. प्रवासी विमान साधारण 260 ने टेकतं. वर्तमानपत्रांत उड्डाणाचे फोटो मोठे येतात. दोन उड्डाणांच्या मधल्या तपासणीचा फोटो कोण छापणार?

2023 च्या चाचणीत दहा अटी पुऱ्या झाल्या तेव्हाच यान सुटलं, आणि सोडायचं की नाही हे यानातल्या संगणकाने ठरवलं. आमच्या अटी पाच: वारा, दाब, छत्रीची घडी, खटक्याची दोरी, समोर माणूस नाही. ठरवणार वहीवाली पोरगी. तिने मान हलवल्याशिवाय मीही दोरी ओढायची नाही, असा नियम आहे.

“सर, थांबा जी! कुत्रं आलं मैदानात.”

7.10 चे 7.16 झाले. पाणी अर्ध्या सेकंदाच्या आत संपतं, पुढचं सगळं नुसत्या वेगावर. तीस मीटर दूर उभ्या पोराने ओळंबा लावलेल्या कोनमापकातून 50 अंश वाचले, म्हणजे सुमारे 36 मीटर, वर त्याच्या डोळ्याची उंची. छत्री मात्र उतरताना निम्म्या वाटेवर उघडली आणि एक पंख वाकला.

“टोपी लय घट्ट बसली होती जी,” खटक्यावरचा पोरगा म्हणाला. “मंग उघडीन कशी?”

बरोबर होतं. रॉकेट वर पोहोचून मंदावलं की टोकाची टोपी आपल्या वजनाने निसटायला हवी. कडा घासल्या, पंख बदलला, आणि गळ्यापासून तळापर्यंत सगळी तपासणी पुन्हा. पोरं वैतागली. आठच्या सुमाराला दुसरं उड्डाण झालं, नंतर तिसरं, दोन्ही छान. साडेनऊला पश्चिमेचा वारा सुटला तसं सामान आवरलं, पन्हं प्यालो.

दुपारी 4. कूलरसमोर वही. कोणत्या बाटलीचं कितवं उड्डाण, दाब किती, कुठे पडली, काय बदललं. लिहिता लिहिता पोरीने बाटली खिडकीकडे धरली आणि खांद्यावर बोट ठेवलं. केसाएवढी पांढरी रेघ. अमरावतीचा बेत दुसऱ्या बाटलीवर गेला आणि तिची पाण्याची परीक्षा उद्या सहाला ठरली. पंपावरच्या पोराला हे पटेना.

“एवढीशी तं हाय सर. अजून एक डाव जाईन.”

“नाही जाणार.”

“मंग मी घरी नेऊ का?”

मी त्याच्या हातात करकटक दिलं. आधी भोक पाड, मग ने. घरी त्याच्याकडेही पंप आहे.