सशाचे शिंग आणि सशाच्या अंगावरील गाठी

जे मुळीच अस्तित्वात नाही अशा वस्तूचा दाखला द्यावयाचा झाल्यास भारतीय तर्कशास्त्रात 'शशशृंग' हा शब्द योजण्याची जुनी रीत आहे. वंध्यापुत्र, आकाशपुष्प आणि शशशृंग ही सारी एकाच माळेतील उदाहरणे होत. युरोपातील निसर्गशास्त्रज्ञ मात्र या बाबतीत इतके निःशंक नव्हते. सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तेथील प्राणिविषयक ग्रंथांत डोक्यावर शिंगे असलेल्या सशांची चित्रे आढळतात. पुढे ही सारी भाकडकथा ठरली. तथापि त्यांतील काही चित्रांच्या मागे खरोखर पाहिलेले, परंतु रोगग्रस्त असे प्राणी असावेत, असे आता मानले जाते.

या समजुतीला आधार मिळाला तो अमेरिकेत. तेथील आयोवा, कॅन्सस इत्यादी राज्यांत एक रानससा विपुल आढळतो. कापसाच्या बोंडासारख्या पांढऱ्या शेपटीमुळे त्याला 'कॉटनटेल' म्हणतात. अशा काही सशांच्या तोंडाभोवती, मानेवर वा पोटावर काळपट, टणक, शिंगासारखे उंचवटे असल्याचे शिकारी सांगत. रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड शोप हे मूळचे आयोवाचेच. सशांच्या अंगावरील एका वेगळ्या, मऊ अर्बुदाचे कारण विषाणू आहे, हे त्यांनी १९३२ साली दाखविले होते. आता त्यांनी ही 'शिंगे' मिळविली, ती वाटून त्यांचा द्रव केला आणि जीवाणूही अडकून पडतील अशा अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून तो गाळून घेतला. हा गाळीव द्रव निरोगी सशांच्या खरवडलेल्या त्वचेवर चोळला, तेव्हा थोड्याच दिवसांत तेथे चामखिळी उगवल्या. गाळणीतून पार जाणारे हे कारण विषाणूच होते. हा शोध १९३३ साली प्रसिद्ध झाला.

चामखिळीचे शिंग कसे होते, हे समजण्यास फार कठीण नाही. त्वचेच्या तळाशी असलेल्या पेशी विभागून नव्या पेशी वर ढकलीत असतात. वर येता येता या पेशींत केराटिन भरते. नखे, केस आणि गाईच्या शिंगाचे वरचे कवच ज्याचे बनते तेच हे द्रव्य. विषाणू तळच्या पेशींत शिरला की विभागणीला धरबंद उरत नाही. केराटिनाचे थर एकावर एक चढतात आणि उभा खुंट तयार होतो. त्याच्या आत हाड नसते. तोंडाजवळ असे खुंट वाढले तर सशाला खाता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. या रोगाचा प्रसार रानात मुख्यतः गोचिडींमार्फत होतो.

येथून पुढे पाळीव ससा या कथेत येतो. पाळीव ससा हा युरोपातील रानसशाचा वंशज होय; आपल्याकडील माळरानावरचा ससा त्याचा केवळ दूरचा नातलग. शोप यांनी पाळीव सशांवर तोच प्रयोग केला, तेव्हा चामखिळी उठल्या खऱ्या, परंतु त्यांच्यापासून रोग दुसऱ्या सशाला देता येईना. विषाणू जणू लपून बसला होता. शोप यांनी हे कोडे आपले ज्येष्ठ सहकारी पेटन राऊस यांच्यापुढे ठेवले. राऊस यांनी १९११ साली कोंबड्यांतील एक अर्बुद गाळीव द्रवाने उत्पन्न करून दाखविले होते. त्याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नव्हती. सशांच्या चामखिळी काही महिन्यांनी कर्करोगात पालटतात, हे राऊस व त्यांचे सहकारी बियर्ड यांना आढळले. पुढील निरीक्षणांत कॉटनटेल सशांपैकी सुमारे चतुर्थांशांत, तर पाळीव सशांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांत हा पालट दिसून आला. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, म्हणजे मूळ शोधानंतर ५५ वर्षांनी!

स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे याच कुळातील मानवी विषाणू असतो, हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखविले. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूच्या नुसत्या पोकळ कवचाची लस टोचल्यास संरक्षण मिळते, याची एक कसोटी १९९५ साली सशांवरच लागली. मानवी लस २००६ पासून वापरात आली आणि २०२३ साली पुण्यात तयार झालेली भारतीय लसही बाजारात आली.

घरच्या सशाच्या अंगावर गाठ हाताला लागली, तर ती याच विषाणूची असेल काय? भारतात कॉटनटेल ससा नाही, त्यामुळे तशी शंका घेण्याचे सहसा कारण नसते. हा विषाणू माणसालाही लागत नाही. गाठीची कारणे अन्यत्र शोधावी लागतात. प्रौढ मादीच्या हनुवटीखालची मऊ घडी तर रोगच नव्हे. गाईच्या गळकंबळासारखी ती नैसर्गिक असते आणि नवख्या पाळणाऱ्याला उगीच घाबरविते. वयस्क सशात केसांच्या मुळांतून उद्भवणारे गोल अर्बुद बरेच आढळते. ते बहुधा सौम्य असते आणि शस्त्रक्रियेने निघते. परंतु केवळ हाताने चाचपून सौम्य आणि मारक यांतील भेद कळत नाही. त्यासाठी पशुवैद्याने सुईने पेशी काढून, किंवा गाठ कापून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात.

जबड्यावरची गाठ बहुतेक वेळा गळू असते आणि तिचे मूळ दाताच्या मुळाशी असते. सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असल्याने तो वाहून जात नाही. घरी पोटीस बांधणे वा दाबून पिळणे व्यर्थ असून अपायकारकही आहे. भोवतालच्या जाड पिशवीसह गळू काढावे लागते आणि दुखरा दातही पाहावा लागतो. केस गळून खपली धरलेला गोल चट्टा असेल तर तो गजकर्णाचा असू शकतो. तो मुलांना लागतो, म्हणून शाळेतील सशाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी.

नाक, ओठ व जननेंद्रिये यांवर खपल्या धरणारा उपदंशासारखा एक रोगही सशांत असतो. तो माणसाला होत नाही, आणि पेनिसिलिन टोचल्याने तो बरा होतो. तेच पेनिसिलिन, किंवा घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी, तोंडावाटे दिल्यास मात्र ससा दगावू शकतो. गवत पचविण्यासाठी त्याच्या आतड्यात जे जीवाणू लागतात ते या औषधाने मरतात, त्यांच्या जागी विष निर्माण करणारे जीवाणू माजतात, आणि गाठीचे कारण कळण्याच्या आतच प्राणी हातचा जातो.