कवडशातली धूळ

रविवारी सकाळी खिडकीच्या फटीतून कवडसा आत येतो आणि त्यात सोनेरी कण तरंगताना दिसतात. लहानपणी आम्ही भावंडं ते मुठीत पकडायला बघायचो. घरात लाकूड कोरणारं यंत्र आलं, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तो कवडसा पाहून मला धस्स झालं. यंत्र आदल्या रात्री नऊ वाजताच बंद केलं होतं. खोली झाडून, पुसून घेतली होती. तरी हवा कणांनी भरलेली होती.

त्याचं गणित सरळ आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. लाकडाचा तेवढा जाड कण लगेच खाली बसतो आणि केरसुणीत येतो. पण अडीच मायक्रॉनच्या कणाला अगदी शांत हवेतही दोन मीटर खाली यायला तीनएक तास लागतात आणि एक मायक्रॉनच्या कणाला त्याच्या कितीतरी पट. त्यात पंखा लावला की सगळं पुन्हा वर. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठे कण अडवतात. हे बारीक कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. म्हणजे पायाखाली दिसणारा भुसा फक्त पसारा असतो, अपाय करते ती न दिसणारी धूळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. धोका मुख्यतः नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांना, आणि तोही प्रामुख्याने वर्षानुवर्षं या कामात राहणाऱ्यांना. हौशी माणसाने घाबरून यंत्र विकायची गरज नाही. पण आपल्या यंत्राच्या खोलीतच मुलं अभ्यासाला बसत असतील, तर हे माहीत असायलाच हवं. सागाची आणि शिसवीची धूळ काहींच्या कातडीवर खाज आणि पुरळ उठवते. एमडीएफमध्ये तर लाकडाच्या तंतूंबरोबर फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकही असतो.

माझं यंत्र म्हणजे घरगुती सीएनसी राउटर, तसं साधंच. संगणकावर नक्षी काढायची. तीन दिशांना सरकणाऱ्या सांगाड्यावरची मोटर, तिच्या टोकाचं बिट फिरवत, ती नक्षी लाकडात उतरवते. देव्हाऱ्याची जाळी, दारावरची पाटी, गणपतीच्या मखराची कमान असं बरंच काही त्यावर होतं. पण उठावाचं एक काम चार-पाच तास चालतं, आणि तेवढा वेळ घरात आवाज, उष्णता आणि धूळ एकत्र नांदतात. मी आधी आवाजाच्या मागे लागलो आणि यंत्राभोवती प्लायची पेटी केली. आवाज कमी झाला, पण आतली मोटर तापू लागली आणि दार उघडलं की धुळीचा लोट अंगावर यायचा. मग धूळ खेचायला व्हॅक्यूम क्लीनर जोडला, तर त्याचाच आवाज मोटरीच्या वरताण. पेटीत हवा यावी म्हणून भोकं पाडली, तर कोंडलेला आवाज त्या भोकांतून बाहेर. ही तीन दुखणी वेगळी नाहीतच. एकाच दोरीला तीन गाठी आहेत. एक ओढली की दुसरी आवळते.

सुरुवात पेटीपासून करायची नाही, कापण्यापासून करायची. हे मला फार उशिरा कळलं. मिनिटाला २४,००० फेरे म्हणजे सेकंदाला ४००. बिटाला दोन धारा असतील तर सेकंदाला ८०० घाव, आणि तोच तो कान किटवणारा सूर. आता यंत्र मिनिटाला १,५०० मिलिमीटर सरकतंय असं धरू. १८,००० फेऱ्यांना प्रत्येक धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०४ मिलिमीटर लाकूड येतं. फेरे १२,००० वर आणले की ०.०६ च्या वर. आकडा बारीक दिसतो, पण फरक हाताला कळतो. आधी बोटांत पीठ यायचं, आता ढलप्यांसारखा किस येतो. किस जड, तो हवेत तरंगत नाही. सूरही खाली उतरतो. घासल्याने होणारी उष्णता किसाबरोबर निघून जाते, त्यामुळे बिट जळत नाही. सागात मुळातच सिलिका असते, ती धार लवकर मारते. आणि बोथट बिट कापत नाही, रगडतं. सुताराच्या रंध्याला धार नसेल तर तो हात लावत नाही. आपणही लावू नये.

त्यानंतर खेचणं. इथे दिवाळीतली पणती आठवा. हातभर लांबून फुंकर मारली तर ती विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून बघा. जमत नाही. फुंकलेली हवा झोत होऊन जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतकं लांब गेलं, तरी ओढीचा वेग जवळपास दहाव्या भागावर येतो. म्हणून नळी नुसती जवळपास टांगून उपयोग नाही. बिटाभोवती ब्रशच्या केसांची झालर असलेला डस्ट शू हवा, आणि झालर लाकडाला टेकलेली हवी. साध्या राउटरच्या मोटरीचा पंखा तिला थंड करायला खाली हवा फेकतो आणि नेमकी धूळच उधळतो. ती हवा पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची चकती लावून बाजूला वळवली, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

व्हॅक्यूम आणि यंत्र यांच्यामध्ये सायक्लोन हवाच. शंकूच्या आकाराच्या भांड्यात हवा गरगरते, जड किस भिंतीला लागून खालच्या बादलीत पडतो, हलकी हवा मधून वर जाते. जेम्स डायसन यांना पिशवीविना व्हॅक्यूम क्लीनर सुचला तो लाकूड गिरणीवरचा असाच सायक्लोन पाहून. त्यासाठी त्यांनी ५,१२७ नमुने केले. आपल्याला एक पुरतो. सायक्लोन नसेल तर फिल्टर लवकर गच्च होतो आणि ओढ मरते. पण अगदी बारीक धूळ सायक्लोनलाही चुकवते, त्यासाठी शेवटी हेपा फिल्टर हवा. तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. हे जमत नसेल तर व्हॅक्यूमची बाहेर पडणारी हवा सरळ खिडकीबाहेर सोडावी, मात्र समोर कुणाची बाल्कनी नाही ना, हे पाहून. प्लास्टिकच्या नळीतून कोरडी धूळ धावली की स्थिर वीज साठते. अंगाला चटका बसतो आणि यंत्र मध्येच थबकतं. नळीतून तांब्याची उघडी तार नेऊन अर्थिंगला जोडावी.

आता पेटी. १८ मिलिमीटरचा प्लाय, आतून रॉकवूल आणि त्यावर कापड. अंड्यांचे ट्रे आवाज अडवत नाहीत आणि उघडा फोम पेट घेतो. पण भिंतीपेक्षा फट महत्त्वाची. ९० बाय ९० बाय ६० सेंटिमीटरच्या पेटीच्या दाराभोवती फक्त ५ मिलिमीटरची फट राहिली, तर भिंती कितीही जाड केल्या तरी आवाज सुमारे २४ डेसिबलहून जास्त घटू शकत नाही. दाराला रबरी पट्टी लावण्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही. हवा आत घ्यायचं तोंड मात्र ठेवावंच लागतं, आणि ते निदान नळीच्या तोंडाएवढं तरी हवं. ते सरळ भोक नसावं. आत रॉकवूल लावलेली दोन-तीन वळणांची बोळकांडी करावी. हवा वळून आत येते, आवाज वळणावळणावर जिरतो. तोंड नळीच्या समोरच्या अंगाला असलं की हवा मोटरीला न्हाऊ घालून, धूळ घेऊन मग बाहेर पडते. व्हॅक्यूम पेटीबाहेरच हवा. त्याची उष्णता आत नको.

एवढं करूनही एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. रागावलेले नव्हते, दमलेले होते. "अहो, तुमचं मशीन आमच्या कपाटात वाजतंय," म्हणाले. खाली गेलो, कपाटाला हात लावला. खरंच थरथर होती. हवेतला आवाज पेटीने अडवला होता, पण टेबलाच्या पायांतून तो स्लॅबमध्ये उतरत होता. शहाबादी फरशीचा जाड तुकडा, त्याखाली दाट रबराचे चार चौकोन, आणि टेबल भिंतीपासून चार बोटं दूर. थरथर थांबली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझं यंत्र संध्याकाळी सातलाच बंद होतं, कारण काका आठला झोपतात.

काम झाल्यावर व्हॅक्यूम आणखी दहा मिनिटं चालू ठेवावा, पेटी लगेच उघडू नये. झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावं. बादली रिकामी करताना एन-९५ मास्क लावावा, कारण सगळ्यात जास्त धूळ त्याच क्षणी उडते. लाकडाला करपट वास आला असेल तर बादली रात्रभर घरात ठेवू नये, भुशाच्या पोटात ठिणगी तासन् तास धुमसत राहते.

मी दोन बादल्या ठेवतो. साग-आंब्याचा भुसा गावाकडे बंबासाठी जातो, आईच्या काळची भुशाची शेगडीही अजून तिथे आहे. एमडीएफच्या भुशाच्या बादलीवर लाल पट्टी आहे. त्यातला डिंक जळला की विषारी धूर होतो, म्हणून तो भुसा पिशवीत बांधून कचऱ्यात जातो, चुलीत कधीच नाही.